डोळ्यात जाणारा माल: चौकशी कशी करायची, नंतर सांभाळायचा कसा

भोसरी एमआयडीसीत मी ३१ वर्षं सिलिकॉन रबरचे सील तपासले. क्वालिटी कंट्रोल. नवा माल गेटवर आला की आमचे तीन प्रश्न ठरलेले असायचे: हा नेमका कशासाठी, टिकणार किती, आणि नको झाला तर काढायचा कसा. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी तेच सिलिकॉन, पण तेलाच्या रूपात, माझ्या उजव्या डोळ्यात शिरलं आणि पाच महिने मुक्काम करून गेलं. त्याआधी तिथे गॅस होता. कोथरूडला माझी थोरली बहीण राहते, तिच्या डाव्या डोळ्यात सिलिकॉनची चकती आहे, ती कायमची. आणि आमच्या शेजारच्या काकूंच्या डोळ्यात मधूनमधून एक विरघळणारी कांडी जाते. म्हणजे मालाच्या चारही जाती आम्ही घरबसल्या बघितल्या.

डॉक्टरांनी ‘गॅस भरू’, ‘तेल घालू’, ‘आत एक डिव्हाइस बसवू’ असं पाच मिनिटांत सांगितलं, आपण ‘हो हो’ म्हणालो आणि बाहेर बाकावर बसल्यावर प्रश्न सुचायला लागले, अशांसाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. औषध, डोस, झोपायची पद्धत हे तुमचे सर्जन सांगतील तेच खरं. मी फक्त मालाबद्दल बोलतो.

सुरुवातीलाच एक फरक डोक्यात पक्का करा, कारण तो न कळल्यामुळे लोक हजारो रुपये घालवतात. पडदा आणि नस या दोन वेगळ्या गोष्टी. पडदा म्हणजे रेटिना, डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीवर कागदासारखा लागलेला: सुटला तर वेळेत चिकटवता येतो. नस म्हणजे डोळ्यापासून मेंदूपर्यंत जाणारी केबल, साधारण १० ते १२ लाख तंतूंची. त्यातला मेलेला तंतू पुन्हा जोडून नजर परत आणणारा उपाय आज माणसांसाठी कुठेच मंजूर झालेला नाही. त्यामुळे पडद्याच्या बाबतीत माल दुरुस्तीसाठी असतो, नसेच्या बाबतीत जे उरलंय ते वाचवण्यासाठी. ‘नस जोडून देतो’ म्हणणाऱ्याकडे मी शेवटी येतो.

गॅस, आणि खंडाळ्याचा घाट

ऑगस्ट २०२३. मुलीकडे डोंबिवलीला गेलो होतो. सकाळी चहा घेताना उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून काळी सावली खाली यायला लागली. आदल्या दोन दिवसांत चमक आणि काजळीसारखे ठिपके दिसले होते, ते मी ‘वय झालं’ म्हणून सोडून दिले. तुम्ही सोडू नका. चमक, ठिपक्यांचा पाऊस आणि सावली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. मधला भाग सुटायच्या आत जोडला तर नजर बरीच वाचते, नंतर तेवढी वाचत नाही. पुण्याला परतायला वेळ नव्हता, म्हणून ऑपरेशन तिकडेच झालं.

गॅसचं काम सुताराच्या शिकंज्याचं. डोळ्यात साधारण ४ मिली जेली असते, तिच्यात ९८ टक्क्यांहून जास्त पाणी. पडद्याला भोक पडलं की पातळ झालेलं पाणी त्यातून मागे शिरतं आणि पडदा सोडवतं. सर्जन जेली काढतात, पडदा जागेवर बसवतात आणि भोकाभोवती लेझर मारतात. त्या लेझरची पकड घट्ट व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात. फेव्हिकॉल सुकेपर्यंत फळी शिकंज्यात धरावी, तसा तोपर्यंत गॅसचा फुगा पडदा आतून दाबून धरतो. नुसती हवा आठवडाभरात जिरते. सल्फर हेक्साफ्लुओराइड साधारण दोन आठवडे राहतो, परफ्लुओरोप्रोपेन सहा ते आठ आठवडे. शिकंजा आपोआप सुटतो, काढायला दुसरं ऑपरेशन लागत नाही. माझ्या डोळ्यात लांब पल्ल्याचा होता.

डिस्चार्ज कार्डावर ‘विमानप्रवास करू नये’ असं छापलेलं होतं. आता मी विमानाने कुठे जाणार? चौथ्या दिवशी जावयाच्या गाडीने एक्स्प्रेसवेने घरी यायचं ठरलं होतं. पण रात्री पडल्यापडल्या डोक्यात आकडे फिरायला लागले. डोंबिवली समुद्रसपाटीला, लोणावळा सव्वासहाशे मीटरवर. तेवढ्या चढात हवेचा दाब सात-साडेसात टक्के उतरतो आणि बंद फुगा तेवढाच फुगतो. माझ्या डोळ्यात ३ मिलीचा फुगा धरला तर वाढ ०.२ मिलीच्या वर, म्हणजे चार-पाच थेंब. ऐकायला काहीच नाही. पण डोळा हे बंद भांडं आहे, भिंत ताणत नाही, आणि खोपोलीहून खंडाळ्याला गाडी पाव तासात चढते. जास्तीचं पाणी बाहेर जायला डोळ्याला वेळच मिळत नाही. दाब वर गेला की नसेचा रक्तपुरवठा अडतो.

सकाळी सर्जनना फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, ‘पुण्याचे का तुम्ही? मग थांबा. फुगा बारीक होईपर्यंत घाट नको.’

मी सात आठवडे डोंबिवलीत होतो. गणपती तिकडे, विसर्जनाची मिरवणूक टीव्हीवर, तीही एका डोळ्याने. पुणेकराला याहून मोठी शिक्षा नसेल, पण जावयासमोर बोलायची सोय नाही.

तेव्हा गॅस घालणार असतील तर हे नक्की विचारा: गॅस कोणता, किती आठवडे राहणार, आणि माझं घर अमुक उंचीवर आहे, कधी जाऊ? पुणं साधारण ५६० मीटरवर. ऑपरेशन पुण्यातच झालं तर घरी जायचा प्रश्न नाही, पण महाबळेश्वर आणखी सातशे-आठशे मीटर वर आहे, तिथल्या लग्नाला जाऊ नका. किती चढ चालेल हे फुग्याच्या आकारावर ठरतं आणि ते सर्जनच बघून सांगतील. दुसरी गोष्ट: फुगा असताना दुसरं कुठलंही ऑपरेशन किंवा दाताचं काम निघालं तर भूल देणाऱ्याला आधी सांगा. नायट्रस ऑक्साइड त्या फुग्यात शिरून तो झपाट्याने फुगवतो. काही ठिकाणी मनगटावर पट्टी बांधून देतात, ती फुगा संपेपर्यंत काढू नका. मला पट्टी नव्हती, म्हणून मी कागदावर लिहून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवलं होतं.

फुगा संपतोय हे आपलं आपल्याला दिसतं. आधी सगळं धुरकट. मग वरून एक स्वच्छ पट्टी उघडते आणि खाली पाणसळीतल्यासारखी रेघ हलते. फुगा डोळ्यात वर असतो, पण आपल्याला तो खाली दिसतो, कारण पडद्यावर चित्र उलटं पडतं. रेघ रोज खाली उतरते. शेवटी तळाशी एक गोल गोळी राहते आणि एके दिवशी ती दिसेनाशी होते. मी रोज सकाळी रेघेची जागा कॅलेंडरवर पेन्सिलने मांडत होतो. सवय जात नाही.

पालथं राहण्याचं तंत्र

फुगा हलका, तो वर जातो. भोक जिथे असेल तो भाग वर यायला हवा, एवढाच त्यामागचा नियम. सगळ्यांनाच पालथं झोपवतात असं नाही. कुणाला डाव्या कुशीवर, कुणाला बसून मान खाली. ‘कोणती कूस, दिवसात किती तास, किती दिवस’ हे कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं घरी येईपर्यंत प्रत्येक नातेवाइकाच्या डोक्यात वेगळं होतं.

मला ताशी ५० मिनिटं मान खाली आणि १० मिनिटं सुट्टी असं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मान नाही, कपाळ दुखलं. उशीवर कपाळ टेकलं की दोन तासांत तिथे वळ उठतो. मुलीने शेवटी कारमधली मानेभोवतीची गोल उशी आणली, ती पलंगाच्या कडेला ठेवली, कपाळ आणि गाल तिच्यावर, मधल्या पोकळीत डोळा आणि नाक मोकळं. डोळ्यावर दाब पडता कामा नये, म्हणून ती पोकळी महत्त्वाची. खाली जमिनीवर पाट, पाटावर पेपर. शब्दकोडं सोडवायला एक डोळा पुरतो. दिवसा खुर्चीत बसून समोरच्या टेबलावर दोन उशा आणि त्यांवर डोकं, शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायचो तसं.

जेवण सुट्टीच्या दहा मिनिटांत उरकायचं नाही, घाईत ठसका लागतो. ताट चौरंगावर खाली ठेवून मान खालीच ठेवून जेवता येतं. चहाला नळी, तोही कोमट. पोट साफ राहील असं खा, कारण कुंथण्याने डोळ्यावर ताण येतो. आंघोळ गळ्याखालून. पायाच्या पोटऱ्या हलवत राहा, म्हाताऱ्या माणसाचं रक्त पायात साचतं. थेंब घालताना मान वर करावी लागते, तेवढी सूट असते. हात साबणाने धुवायचे, दोन औषधांत पाच मिनिटं अंतर ठेवायचं, बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही.

आणि उताणं झोपायचं नाही. गॅस पुढे येऊन भिंगाला आणि बुबुळाच्या मागच्या बाजूला टेकतो, दाब वाढतो. मुलीने माझ्या सदऱ्याच्या पाठीवर टेनिसचा चेंडू शिवून टाकला होता.

तेल

नोव्हेंबरमध्ये पडदा पुन्हा सुटला. कुणाची चूक नाही. काही डोळ्यांत पडद्यावर चट्ट्यासारखी साय धरते, ती आवळते आणि जोडलेला पडदा परत ओढून काढते. या वेळी ऑपरेशन पुण्यात झालं आणि सर्जन मॅडम म्हणाल्या, ‘आता गॅस पुरणार नाही, सिलिकॉन ऑइल घालू.’

मी विचारलं, ‘हजार की पाच हजार?’

त्यांनी फाइलमधून मान वर केली. सेंटीस्टोक म्हणजे घट्टपणाचं माप. पाणी १, एरंडेल साधारण हजाराच्या आसपास. पाच हजार म्हणजे काकवी म्हणा. हजारवालं तेल घालायला आणि काढायला सोपं, पण लवकर फुटतं. पाच हजारवालं जास्त टिकतं, पण बारीक नळीतून ओढायला वेळ घेतं. माझ्या डोळ्यात हजारवालं गेलं, कारण ते काही महिन्यांत काढायचंच होतं. तुम्हाला सेंटीस्टोक विचारायची गरज नाही. ‘हे काढायचं आहे ना, आणि साधारण कधी?’ एवढं मात्र विचाराच. बहुतेक डोळ्यांत तीन ते सहा महिन्यांत काढतात. काही नाजूक डोळ्यांत मुद्दाम कायम ठेवतात, तेव्हा तसं का, तेही ऐकून घ्या.

तेल फुटतं म्हणजे काय, ते ताक घुसळताना बघा. डोळा दिवसभर हलतो, तेलाचे बारीक कण होतात, ते पुढच्या कप्प्यात वरच्या बाजूला तरंगतात आणि पाणी बाहेर जायची जाळी तुंबवतात. दाब वाढतो, आणि पडदा वाचवता वाचवता नस जाते. म्हणून ‘डोळा दुखत नाही, दिसतंय थोडं, कशाला परत ऑपरेशन’ म्हणत तेल वर्षानुवर्षं आत ठेवू नका. तारीख चुकवणाऱ्यांत आमच्यासारखे निवृत्त लोकच जास्त असतील, असं मला वाटतं.

तेलाला घाट चालतो, विमान चालतं. द्रव आहे, फुगत नाही. पण तेही पाण्यावर तरंगतं, त्यामुळे पडद्याच्या खालच्या भागाला त्याचा टेकू कमी मिळतो आणि मान खाली ठेवायचं प्रकरण काही दिवस इथेही असतं. उताणं झोपणं इथेही नको.

माझी एक चूक सांगतो. तेल असताना नंबर एकदम प्लसकडे सरकतो, कारण तेल प्रकाश वेगळा वाकवतं. मी उत्साहाने लक्ष्मी रोडवर चांगला प्रोग्रेसिव्ह चष्मा केला. पाच महिन्यांनी तेल निघालं, नंबर परत फिरला, चष्मा कपाटात. तेल काढून दोन-तीन महिने होईपर्यंत स्वस्तातला तात्पुरता चष्मा वापरा.

दुसरी, जी माझ्याकडून होता होता वाचली: ज्यांचा पडदा नाजूक आहे किंवा नंबर मोठा मायनस आहे, त्यांनी मोतीबिंदूच्या वेळी सिलिकॉनचं भिंग घेऊ नये. सिलिकॉन तेल सिलिकॉनच्या भिंगाला घट्ट चिकटतं आणि पुसून निघत नाही. माझं भिंग अॅक्रिलिकचं निघालं. ते मला कळलं कसं, तर जुन्या फाइलमध्ये स्टिकर होतं.

त्या स्टिकरबद्दल. डोळ्यात जे काही जातं, भिंग, तेल, गॅस, चकती, त्याच्या डब्यावर बॅच किंवा लॉट नंबरचं स्टिकर असतं. ते तुमच्या कार्डावर चिकटवून मागा. ऑपरेशनच्या टेबलावर पडदा सपाट करायला परफ्लुओरो-ऑक्टेन नावाचं जड द्रव्य वापरतात आणि शेवटी काढून घेतात. स्पेनमध्ये २०१५ साली अशा द्रव्याच्या काही बॅचेस अशुद्ध निघाल्या आणि अनेक रुग्णांची नजर गेली. कुठली बॅच कुणाला वापरली, हे कागदावर असल्यामुळेच असं प्रकरण उलगडतं. आमच्याकडे गॅस्केट गळलं तर मशीन बंद पडायचं, तरी आम्ही बॅच नंबर दहा वर्षं जपायचो.

ताईची चकती

ताईला काचबिंदू, म्हणजे डोळ्यातल्या दाबाने नस हळूहळू मरत जाते तो आजार. थेंबांनी दाब उतरेना, म्हणून तिच्या डोळ्यात मदुराईच्या ऑरोलॅबची सिलिकॉनची चकती बसवली. ३५० चौरस मिलिमीटरची, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पापणीच्या आड दडलेली, आणि तिच्यापासून एक नळी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात. जास्तीचं पाणी नळीतून चकतीवर येतं आणि तिथून जिरतं. नळीवर नेत्रपेढीतून आलेला बुबुळाबाहेरच्या पांढऱ्या आवरणाचा तुकडा ठिगळासारखा शिवतात, म्हणजे नळी वर उघडी पडत नाही.

यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे दोरा. या चकतीला व्हॉल्व्ह नाही. पहिल्या दिवसापासून पाणी सुटलं तर डोळा चपटा होईल. म्हणून नळी व्हिक्रिलच्या विरघळणाऱ्या दोऱ्याने आवळून बंद करतात. पाच-सहा आठवड्यांत दोरा विरघळतो, तोवर चकतीभोवती शरीराने स्वतःची पिशवी बांधलेली असते, आणि मग पाणी सुटतं. कुठलाही टायमर नाही, फक्त दोऱ्याचं रसायन.

पण हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. ताई चौथ्या आठवड्यात रडत होती, ‘अरे, एवढं करून प्रेशर अजून तेवढंच.’ ते तेवढंच असणार, नळी बंद आहे! त्या काळात थेंब चालूच ठेवायचे. आणि पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या तारखेवर गोल करून ठेवा, कारण दाब एकदम उतरू शकतो. त्या दिवसांत नजर अंधुक झाली किंवा डोळा दुखला तर लगेच दाखवायचं. पुढे वर्षानुवर्षं एकच बघायचं: वरची पापणी उचलून खाली बघितल्यावर नळी उघडी दिसते का, डोळा लाल-चिकट होतो का.

काकूंच्या कांडीबद्दल थोडक्यात. मधुमेहाने पडद्याला सूज आली की डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड भरलेली सहा-साडेसहा मिलिमीटरची कांडी सुईने आत सोडतात. कांडीचा माल व्हिक्रिलच्याच जातकुळीतला, लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लांची साखळी. दह्यातलं तेच लॅक्टिक. काही महिन्यांत विरघळते, काढावी लागत नाही. दोनच गोष्टी सांभाळा: दाब तपासायच्या तारखा, कारण स्टेरॉइडने दाब वाढू शकतो; आणि मोतीबिंदूच्या वेळी भिंगामागची पिशवी फाटली असेल तर ते आधी सांगा, नाहीतर कांडी घरंगळत पुढे येऊन बुबुळाच्या काचेला इजा करते.

‘नस जोडून देतो’ म्हणणारे

ताईचा मुलगा पाषाणला पॉलिमरमध्ये पीएचडी करतो. त्याच्याकडे एकदा जेवताना ताईने विचारलं, ‘तुमच्या त्या जेलने माझी नस जुळेल का रे?’ तो बराच वेळ पोळीचा तुकडा मोडत बसला. म्हणाला, ‘आई, हॅमस्टरच्या मेंदूत नजरेचा मार्ग कापून तिथे पेप्टाइडचं, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांचं, द्रावण सोडलं, त्याचं बारीक जाळं झालं आणि तंतू त्यातून पलीकडे गेले, हे २००६ साली छापून आलंय. ताजी कापलेली जखम होती ती. तुझी नस वीस वर्षं दाबाखाली आहे.’ मग मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘मामा, तिला थेंब चुकवू देऊ नका फक्त.’

व्हॉट्सअॅपवर बातमी आली की मी आता गेटवरचे तेच तीन प्रश्न लावतो, आणि त्याआधी एक: कुणाच्या डोळ्यात? उंदीर, ससा की माणूस? माणूस असेल तर किती? लंडनला पॉलिस्टरच्या पातळ पापुद्र्यावर वाढवलेल्या पेशींचं ठिगळ पडद्याखाली बसवलं आणि वाचनक्षमता सुधारली, हे २०१८ साली छापून आलं आणि ते खरं आहे. माणसं दोन. ठिगळ पडद्याला पोसणाऱ्या थराचं होतं, नसेचं नव्हतं. अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी एक कुपी मंजूर झाली. आतल्या पेशी कुपीच्या चाळणीसारख्या भिंतीतून पडद्याला जपणारं प्रथिन सोडत राहतात. तीही पडद्याच्या एकाच विशिष्ट आजारासाठी, आणि झीज मंद करण्यासाठी.

उलट बाजूही ऐका. २०१७ साली फ्लोरिडातलं प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलं: पोटाच्या चरबीतून काढलेल्या ‘स्टेम सेल’ तीन वयस्क बायकांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या, प्रत्येकीकडून ५,००० डॉलर घेतले, तिघींची नजर गेली. त्या क्लिनिकचं नाव तिकडच्या सरकारी नोंदवहीतही होतं. म्हणून आपल्याकडे सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीचा क्रमांक मागा, पण तेवढ्यावर थांबू नका. संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून डॉक्टरचं नाव, आजार आणि ‘भरती चालू’ आहे का ते जुळवा. नैतिक समितीचं नाव विचारा. प्रयोगासाठी तुमच्याकडे पैसे मागितले, किंवा दोन्ही डोळे एकाच दिवशी करू म्हणाले, तर चप्पल घाला आणि निघा.

दुसरं मत घ्यायला जाताना प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये हे न्या: स्टिकर लावलेलं ऑपरेशनचं कार्ड, पडद्याचं ओसीटी (थरांचा स्कॅन), नसेसाठी फील्ड टेस्टचे (आजूबाजूचं किती दिसतं त्या तपासणीचे) सगळे जुने कागद तारखेच्या क्रमाने, दाबाच्या नोंदी, चालू थेंबांच्या रिकाम्या बाटल्या. फील्डचे कागद थर्मल प्रिंटवर असतील तर आजच झेरॉक्स काढा. ताईचे २०११ चे कागद पार पांढरे झालेत.